पुढचं डावं चाक

ज्या उन्हाळ्यात आमच्या जीपचं पुढचं डावं चाक मधूनच धरायला लागलं, त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा पदर खोचून जीपच्या पुढच्या सीटवर बसले. तोवर जीप मालकांची आणि घर-शेत माझं, अशी आमची वाटणी होती. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्या भागात बायका तसंच म्हणतात.

आमचं गाव पाथरीच्या जवळच. जमीन थोडी, तीही पावसावरची. माझं माहेर ऊसतोडीला जाणारं आणि सासरही. लग्नानंतर काही हंगाम मीही कोयता चालवला, मोळ्या वाहिल्या. कारखान्यावर मालकांना ट्रॅक्टर चालवायला मिळाला आणि त्यांचा हात बसला. मग एका दिवाळीनंतर गावातल्या सगळ्या बैलगाड्या तोडीसाठी जुंपल्या गेल्या, पण आमची जुंपली गेली नाही. आम्ही बैल विकून, आणखी थोडं गोळा करून एक जुनी जीप घेतली होती. पाथरीहून मानवत आणि मानवतहून स्टेशन, अशी ती माणसांची ने-आण करायची.

ते दिवस मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे होते. रस्त्याकडेच्या भिंतींवर दोन्ही बाजूंच्या घोषणा रंगवलेल्या असत. बंद पुकारला की एसटी आगारात आणि जीप अंगणात. दुसऱ्या दिवशी मात्र फाट्याफाट्यावर माणसांची दाटी. कोण कुठल्या वस्तीतला हे पाहून माणूस बसवायची पद्धत काही जीपवाल्यांनी धरली होती. मालकांनी ती कधी धरली नाही. जो आधी आला तो पुढं. काहींना ते आवडायचं नाही, तरी गाडीत बसायचे, कारण मालकांइतकं जपून चालवणारा माणूस त्या रस्त्यावर दुसरा नव्हता. बाळंतीण माहेरी न्यायची असली की लोक त्यांच्या जीपची वाट पाहत. मला त्याचा अभिमान होता, आणि त्यांना माझ्याहून जास्त.

होळी होऊन गेली होती. दुपारची वेळ, जीप माणसांनी गच्च भरलेली. कालव्याच्या पुलाच्या अलीकडं मेंढरांचा कळप आडवा आला आणि मालकांनी जोरात ब्रेक दाबला. कळप गेला, जीप निघाली, पण जड निघाली, जशी कुणी मागून धरून ठेवलीय. पुलाजवळ त्यांनी पुन्हा ब्रेकला पाय लावला मात्र, जीप डावीकडं ओढली गेली. पुढचं डावं चाक फिरायचंच थांबलं. डांबरावर काळी रेघ ओढत गाडी थेट कठड्याला जाऊन टेकली. खाली कालव्याला पाणी सुटलेलं. लोक उड्या टाकून उतरले. लागलं कुणाला नाही. एका म्हातारीचं दह्याचं गाडगं तेवढं फुटलं.

मालक खाली उतरले तर चाकाजवळ जळका वास. गाडी ढकलली तर हलेना. सगळे बाभळीखाली जाऊन बसले. बऱ्याच वेळानं पुन्हा ढकलली, तर आपली सरळ पुढं गेली, काही झालंच नव्हतं अशी.

मानवतच्या स्टँडमागं एका उस्तादांचं गॅरेज होतं. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, हात कोपरापर्यंत काळे. त्यांनी चाक उघडलं, सगळं पाहिलं आणि म्हणाले, “कुछ नै है भाई. लायनर घिसे हैं, बदल देता हूँ.” ब्रेकचे लायनर बदलले. काही दिवस बरे गेले आणि चाकानं पुन्हा धरलं. मग त्यांनी चाकातल्या सिलिंडरची रबरं बदलली. पुन्हा काही दिवस बरे, पुन्हा तेच. मग बेअरिंग. उस्ताद प्रामाणिक माणूस. शेवटी ते म्हणाले, “मेरे सामने एक बार हुआ, तो मैं पकडूँ. मेरे सामने तो तुम्हारी गाडी शरीफ रहती.”

खरंच, त्यांच्यासमोर कधी काही होतच नसे.

हळूहळू लोक बोलायला लागले. गाडीला काय झालं न्हाई, डायवरच भ्यायलाय. कुणी म्हणालं, दुपारची घेतो वाटतं. ज्या माणसानं आयुष्यात दारूचा वास घेतला नाही, त्याच्याबद्दल हे बोलणं. पाथरीच्या स्टँडवर आमची जीप उभी दिसली की लोक मागच्या जीपकडं जायचे. एका संध्याकाळी मालक ओसरीवर बसून म्हणाले, “इकून टाकू. कोयता हाय की अजून घरात.”

कोयत्याची लाज नव्हती मला, त्यावर आमची पोटं भरली होती. पण हा माणूस हरून तिकडं जाणार, हे मला सोसणार नव्हतं.

“उद्यापासून मी बसते गाडीत,” मी म्हणाले.

“तू? तू बसून काय करणार?”

“तुमी रस्त्याकडं बघा. मी चाकाकडं बघते.”

ते हसले, पण सासूबाई हसल्या नाहीत. त्या सुपात ज्वारी पाखडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “जाऊ दे तिला. दुखणेकऱ्यापशी घरचं माणूस लागतंयच. लेकरं मी बघते.”

दुसऱ्या दिवसापासून मी पुढच्या सीटवर. पहिले काही दिवस लाजेनं मान वर होत नव्हती. मग पाहिलं की नुसतं बसून माणसं गोळा होत नाहीत, तेव्हा मीच ओरडायला लागले, “मानवत, मानवत, टेशन!” स्टँडवरचे बापे हसायचे, “जीपवाल्यानं कंडक्टरीण आणली रे!” बायका मात्र मला पाहून आमच्या गाडीत बसायला लागल्या. पुढं बाई बसलीय म्हटल्यावर त्यांना बरं वाटायचं.

चाकाकडं बघते म्हणाले खरी, पण चाकाचं काय बघायचं हे मला कुठं ठाऊक होतं. मला एवढंच ठाऊक होतं की धरलेल्या चाकाला जळका वास येतो, म्हणजे ते तापत असणार. आणि तापलेलं किती तापलंय हे बघायची रीत मला लहानपणापासून येत होती. भाकरी टाकायच्या आधी तव्यावर पाण्याचे थेंब शिंपडतात, तसंच करायचं ठरवलं. पाण्याचा तांब्या सोबत घेतला. गाडी थांबली की उतरायचं, चारी चाकांच्या मधल्या लोखंडावर बोटांनी पाणी शिंपडायचं आणि बघायचं.

“काय करायलीस? पूजा?” मालकांनी विचारलं.

“तवा बघायले.”

आता गाड्यांमध्ये संगणक असतो म्हणतात. चाक अडकू नये म्हणून वेगळी यंत्रणा असते, आणि ती बिघडली की समोर दिवा लागतो. आमच्या जीपला असा दिवा नव्हता. आमच्याकडं तांब्या होता.

सकाळच्या फेऱ्यांना चारी चाकं सारखीच असत. पाणी पडलं की नुसतं ओघळायचं. दुपारी सगळीच थोडी तापत, पण तीही सारखीच. असे बरेच दिवस गेले. चाक धरेना आणि मला काही सापडेना. मालकही सैल झाले होते. म्हणाले, “तू बसल्यापासून गाडी बरी झाली बघ. तुलाच भ्यायली.” मला तसं वाटत नव्हतं. मला आपलं वाटत होतं की आजार दबा धरून बसलाय.

मग एक दुपार आली. ऊन असं की डांबर चाकाला चिकटत होतं. स्टेशनजवळच्या रेल्वे फाटकाच्या अलीकडं एक बैलगाडी एकदम वळली आणि मालकांना ब्रेक गच्च दाबावा लागला. गाडी नीट थांबली. बैलगाडी गेली. आम्ही निघालो आणि मला सीटखालून कळलं की जीप जड झालीय. वास अजून आला नव्हता.

“थांबवा,” मी म्हणाले.

“अगं, गाडीची येळ झाली, लोकांना टेशन—”

“थांबवा म्हणते ना!”

मी उतरले. उजव्या चाकावर पाणी शिंपडलं, ओघळलं. मागच्या दोन्हींवर, ओघळलं. पुढच्या डाव्यावर शिंपडलं आणि चर्र झालं. थेंब नाचून उडून गेले. मी मालकांकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माणसं चिडून चालत स्टेशनकडं गेली, त्यांचं बरोबरच होतं. आम्ही दोघं मात्र त्या चाकाजवळ उकिडवे बसून राहिलो. थोड्या वेळानं ते गार झालं आणि सुटलं.

त्या दिवशी माझ्या डोक्यात धागा लागला. मी मालकांना एकेक विचारत गेले. कालव्याजवळ झालं तेव्हा काय झालं होतं? मेंढरं आली होती, ब्रेक जोरात दाबला होता. त्याच्या नंतर? कापसाच्या गाडीला वाचवायला जोरात दाबला होता. सकाळी कधी झालं? कधीच नाही. हळू दाबल्यावर? कधीच नाही. ऊन पाहिजे, गाडी चालून तापलेली पाहिजे आणि ब्रेक गच्च दाबलेला पाहिजे. तिन्ही जमलं तरच चाक धरायचं. आणि उस्तादांकडं आम्ही गाडी कधी नेत होतो? सकाळी, फेऱ्यांच्या आधी, गार असताना. नाहीतर दुपारी, पण तिथं आमच्या आधी ट्रॅक्टर उभे असत. आमची पाळी येईपर्यंत चाक निवून जायचं.

आम्ही तसेच मानवतला गेलो. मी उस्तादांना सगळं सांगितलं. त्यांनी मधे तोंड घातलं नाही, शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “हौ, बात तो बराबर है. लेकिन भाभी, यहाँ आते-आते ठंडी हो जाती ना.”

“म्हणून तर आलेय, उस्ताद. गाडी तुमच्याकडं येईस्तोवर बरी होऊन जाती. तुमीच गाडीत बसा.”

गॅरेजातलं काम टाकून भर उन्हात दुसऱ्याच्या जीपमध्ये बसणं ही काही लहान गोष्ट नव्हती. उस्तादांनी टोपी काढून घाम पुसला, पुन्हा घातली. मग पाने, जॅक आणि एक चिंधी पिशवीत टाकली आणि म्हणाले, “चलो.”

दुसऱ्या माणसांना घेतलं नाही. मालक चालवत होते, उस्ताद त्यांच्याशेजारी, मी मागं तांब्या घेऊन. मोकळा रस्ता पाहून उस्ताद म्हणायचे, “मारो ब्रेक!” आणि मालक गच्च दाबायचे. मी मागं आपटायची. प्रत्येक वेळी गाडी सरळ थांबायची आणि सरळ निघायची. मानवतहून कालव्यापर्यंत गेलो, परत आलो. काहीच नाही. उस्तादांचा सदरा पाठीला चिकटला होता. ते म्हणाले, “आज नै होता, भाई. लौट के चलते.”

मालकांनी गाडी वळवायला घेतली. त्यांचा चेहरा मला मागून दिसत नव्हता, पण मान दिसत होती. ती मान पाहून मी म्हणाले, “उस्ताद, एकदा टेशनापर्यंत. तेवढं न्हाई झालं तर मी गप बसते.”

गेलो. फाटकाच्या अलीकडं पुन्हा, “मारो ब्रेक!” जीप थांबली, निघाली, आणि निघताना कण्हली. तोच जडपणा. मालक ओरडले, “धरलं! धरलं, उस्ताद!” कुणाचं चाक अडकल्यावर इतका आनंद झाला असेल असं मला वाटत नाही. मी उडी मारून खाली आले आणि पाणी शिंपडलं. चर्र!

उस्तादांनी जॅक लावून चाक उचललं. हातानं फिरवलं, फिरेना. दोघांनी मिळून जोर लावला, फिरेना. उस्ताद गाडीखाली पाठीवर सरकले. ब्रेकचं तेल लोखंडी नळीतून येतं आणि चाकाजवळ एका रबरी पाइपातून चाकात जातं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. लोखंडी नळी जिथं रबराला मिळते, तिथला जोड त्यांनी सैल केला. तेल नुसतं थेंब थेंब गळलं. चाक तसंच घट्ट.

“ऊपर तो जोर नै है,” ते खालूनच म्हणाले. “फिर चक्का कायकू पकड रहा?”

मी चाकाजवळ बसले होते. माझ्या डोळ्यांसमोर विहिरीवरची मोटार आली. मोटार बंद केली तरी पाइपातलं पाणी विहिरीत परत जात नाही, कारण खाली फूटव्हॉल असतो. त्याची झडप पाणी वर जाऊ देते, माघारी येऊ देत नाही.

“उस्ताद,” मी म्हणाले, “जोर खालीच अडकला असंल तर? इकडून जायलाय अन् माघारी येईना. फूटव्हॉलवानी.”

उस्ताद गाडीखालून बाहेर आले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पिशवीतून लहान पाना काढला. चाकामागं ब्रेकच्या तेलातली हवा काढायचा निपल असतो, तो त्यांनी अर्धा फेरा सैल केला. तेलाची अशी पिचकारी उडाली की त्यांची दाढी भिजली. आणि मालकांच्या हातातलं चाक गरगर फिरलं.

“या अल्ला!” उस्ताद म्हणाले, आणि हसायलाच लागले. मालकही हसायला लागले. मग मीही. त्या उन्हात, दाढीवरून तेल गळतंय आणि आम्ही तिघं हसतोय.

वर जोर नाही, खाली जोर अडकलेला. मधे होता फक्त तो रबरी पाइप. उस्तादांनी तो तितक्याच वेळा हातात घेतला असेल जितक्या वेळा चाक उघडलं. बाहेरून त्याला चीर नाही, फुगा नाही, गळती नाही. निपल कसून गाडी हळूहळू गॅरेजात आणली, पाइप काढला आणि उस्तादांनी तो ब्लेडनं उभा चिरला. आतल्या रबराचा एक पापुद्रा सुटला होता. गार असला की कडक होऊन जागेवर बसायचा, तापून मऊ पडला की लुळा व्हायचा, आणि जोरात तेल गेलं की मागून आडवा येऊन वाट बंद करायचा. चाकात गेलेलं तेल चाकातच राहायचं आणि ब्रेक दाबलेलाच राहायचा. हे उस्तादांनी मला पापुद्रा बोटानं उचलून दाखवत, एकेक करून समजावलं, जसं आपल्या हाताखालच्या कारागिराला समजावतात तसं.

गॅरेजात ट्रॅक्टरवाले, ट्रकवाले उभे होते. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, काय निघालं? उस्ताद म्हणाले, “पाइप निकला. लेकिन बीमारी मैंने नै पकडी, भाभी ने पकडी.”

मी पदर पुढं ओढून घेतला, पण आतून छाती भरून आली होती. माझ्या कामाचं असं चारचौघांत कुणी नाव घेतलेलं मला आठवत नाही. ऊस तोडला, शेत केलं, लेकरं वाढवली. ते सगळं गृहीतच धरलेलं असायचं. हे मात्र मी शोधलं होतं, आणि शोधलं असं तोंडावर म्हणणारा माणूस समोर उभा होता.

दोन्ही बाजूंना नवे पाइप टाकले. दुसऱ्या दिवशी दुपारी, मुद्दाम दुपारी, मालकांनी मोकळी जीप घेऊन सगळा रस्ता ब्रेक मारत मारत काढला. मी दर थांब्याला उतरून पाणी शिंपडत होते. चारी चाकं सारखी. शेवटी मालक म्हणाले, “बस कर आता, तांब्या रिकामा झाला.”

पाथरीच्या स्टँडवर त्यांनी जीप उभी केली आणि ज्याची मला अपेक्षा नव्हती ते केलं. मागच्या जीपवाल्यांना, पानवाल्याला, उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “गाडीतच बिघाड होता. माझ्या बायकोनं धरला.” त्या काळात आमच्याकडच्या गड्यानं स्टँडवर उभं राहून असं म्हणायला काळीज लागायचं. लोक एकमेकांकडं पाहायला लागले. जो माणूस मालक दुपारची घेतात म्हणून सांगत फिरला होता, तोच थोड्या वेळानं पिशवी घेऊन आला आणि पुढच्या सीटपाशी उभा राहिला. म्हणाला, “सरका जरा, वहिनी.” मी सरकले.

तो उन्हाळा आणि पुढचा पावसाळा मी जीपवर राहिले. मग शेतीची कामं वाढली आणि मी उतरले. उस्तादांनी मात्र त्यांची रीत बदलली ती बदललीच. कुणीही मधूनच होणारा बिघाड घेऊन आला की आधी विचारायचे, गरम में होता कि ठंडे में? आणि गॅरेजात दिसला नाही तर स्वतः पिशवी घेऊन गाडीत बसायचे. एकदा त्यांनी मला एका व्यापाऱ्याच्या मोटारीसाठी मुद्दाम बोलावून घेतलं. ती चालता चालता बंद पडायची. मी बराच वेळ बसले, विचारलं, पाणी शिंपडलं. मला काही म्हणता काही कळलं नाही. ते उस्तादांनीच नंतर शोधलं आणि कसं शोधलं ते मला बोलावून सांगितलं. त्यातही मला मान वाटला.

नामविस्तार झाला त्याच सुमाराची गोष्ट. सेलूकडच्या एका लग्नाला जाताना मी आणि सासूबाई देवगाव फाट्यावर गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी एक अनोळखी जीपवाला दुसऱ्याला गोष्ट सांगत होता. पाथरीकडं म्हणे एक बाई हाय, नुसतं पाणी मारून गाडीचा आजार सांगती. तिनं म्हणे एका जीपचं चाक धरलेलं शोधून काढलं, मोठमोठ्या उस्तादांना जमलं न्हाई ते. सासूबाईंनी मला कोपर मारलं. मी कान देऊन ऐकत होते. गोष्ट बरीच वाढली होती. त्याच्या सांगण्यात जीप कालव्यात पडून वर काढलेली होती.

“पुढचं उजवं चाक होतं म्हणतेत,” तो म्हणाला.

“डावं,” मी म्हणाले. “अन् उस्तादांना जमलं न्हाई असं नगा म्हणू. तेच तर गाडीखाली शिरले होते.”

दोघंही माझ्याकडं वळले. सासूबाईंनी चंची उघडली, पान काढलं, आणि चुना लावत सावकाश सांगायला सुरुवात केली. गाडी यायला उशीर होता.